दोन ठिकाणचा पगार आणि दोन्हीकडं टीडीएस शून्य: मग कर कुणी भरायचा?

लातूरच्या एका सरांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. पगार वर्षाला ८,४०,००० रुपये. संध्याकाळी एका क्लासवर शिकवतो, तिथं महिन्याला ४५,००० मिळतात. दोन्हीकडं कर कापत नाहीत. औसा तालुक्यात माझ्या नावावर सहा एकर जमीन आहे, सोयाबीन आणि तूर होते. कुणी म्हणतं दुसऱ्या नोकरीवर डबल कर लागतो, कुणी म्हणतं बारा लाखांपर्यंत काहीच नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी मला नक्की किती भरावं लागेल? मागच्या वर्षी मी फक्त कॉलेजचा फॉर्म सोळा (मालक देतो तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) लावून रिटर्न भरलं होतं.”

सर, आधी आकडा सांगतो. शेती बाजूला ठेवली तर नवीन कररचनेत तुमचा कर ७८,७८० रुपये होतो. शेती धरली की त्यात भर पडते, ते पुढं सांगतो. कॉलेज आणि क्लास दोघांनीही एक रुपया कापलेला नाही, त्यामुळं ही सगळी रक्कम तुम्हालाच भरायची आहे.

दुसऱ्या नोकरीला वेगळा दर नाही. पहिली नोकरी, दुसरी नोकरी असा भेद आयकर कायदा करतच नाही. तुमचा पॅन एक, म्हणून उत्पन्नाची बेरीज एक आणि त्या बेरजेवर कर एकदाच. “डबल कर” वाटतो त्याचं कारण वेगळं आहे. कॉलेजच्या पगारानं खालचे टप्पे आधीच भरून गेलेले असतात, त्यामुळं क्लासचे पैसे आपोआप वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.

हिशोब कागदावर मांडून बघा. कॉलेजचे ८,४०,००० आणि क्लासचे ५,४०,००० मिळून १३,८०,०००. क्लासचे पैसेही पगारच आहेत असं सध्या धरू. त्यातून प्रमाणित वजावट, म्हणजे पगारदाराला सरसकट मिळणारी सूट, ७५,००० जाते. ती माणसाला एकदा मिळते, दोन नोकऱ्या म्हणून दोनदा नाही. राहिले १३,०५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. वरच्या १,०५,००० वर १५ टक्के, म्हणजे १५,७५०. एकूण ७५,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,०३०. झाले ७८,७८०.

आता “बारा लाखांपर्यंत काही नाही” याबद्दल. ती करमाफी नाही, कलम ८७ए ची सवलत आहे. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० पर्यंतचा कर माफ होतो. तुमचं उत्पन्न १३,०५,००० असल्यामुळं ती सवलत पूर्ण गेली.

मग दोन्हीकडं टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, शून्य कसा? कॉलेजच्या अकाउंटंटसमोर फक्त ८,४०,००० होते. त्यानं ७५,००० वजा केले, ७,६५,००० उरले, बारा लाखांच्या आत, कर शून्य. क्लासच्या अकाउंटंटनं ५,४०,००० मधून तेच ७५,००० पुन्हा वजा केले, त्याचाही कर शून्य. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, कारण एकाला दुसऱ्याचा पगार माहीतच नाही. ही बेरीज तुमच्याशिवाय दोनच ठिकाणी होते. एक तुमच्या सल्लागाराच्या टेबलावर आणि दुसरी आयकर विभागाच्या संगणकात.

पोर्टलवर एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून बघा. टीडीएस विवरणात मालकानं तुमच्या पॅनवर दाखवलेला पगार तिथं मालकाच्या नावासह दिसतो. उदगीरचे एक लॅब टेक्निशियन सकाळी एका दवाखान्यात आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये काम करायचे. दोन फॉर्म सोळा एकाच पाकिटात घालून आणले आणि म्हणाले, “मोठा तेवढा लावा. दुसऱ्यावर टीडीएस शून्य आहे, म्हणजे तो भरायचा नसतो.” मी एआयएस उघडून स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. दोन्ही नावं एकाखाली एक, रकमेसकट. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. टीडीएस शून्य याचा अर्थ कर शून्य असा नसतो, हे त्या दिवशी त्यांना पटलं. मला वाटतं आपल्याकडं निम्म्या चुका या एकाच समजुतीतून होतात.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. एकाच वेळी दोन मालक असतील तर पगारदार त्यातल्या एकाला निवडून दुसरीकडचा पगार आणि तिथं कापलेला कर लेखी कळवू शकतो. त्यासाठी फॉर्म १२बी असतो. तुम्ही कॉलेजला तो दिला असता तर त्यांनी दोन्ही पगारांची बेरीज करून वर्षाचा कर काढला असता आणि दर महिन्याला साधारण साडेसहा हजार कापले असते. जुलैत एकदम डोंगर उभा राहिला नसता. क्लासलाही मग सांगून टाकायचं की वजावट आणि सवलत तुमच्याकडं धरू नका.

पण हा फॉर्म देणारे फार थोडे. कॉलेजला क्लासचं कळू नये असं पुष्कळांना वाटतं, आणि त्यामागची भीती मी समजू शकतो. त्याबद्दल माझं मत सरळ आहे. मालकाची परवानगी आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमणूकपत्रात दुसरं काम करायला मनाई आहे का ते आधी वाचा. सरकारी नोकरांना परवानगीशिवाय खासगी धंदा-नोकरी चालत नाही, घरातलं कुणी धंदा करत असेल किंवा विमा एजन्सी चालवत असेल तर तेही कळवावं लागतं. शिक्षण हक्क कायद्यात येणाऱ्या शाळांच्या शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई २००९ च्या त्या कायद्यातच आहे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळी करून त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात उभं राहायलाही कायद्याची आडकाठी आहे. परवानगी असो वा नसो, मिळालेल्या पैशावर कर मात्र लागतोच. आणि मालकाला कळवायचं नसेल तर कर स्वतः भरायची वाट मोकळी आहे.

ती वाट म्हणजे आगाऊ कर. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघणार असेल तर तो वर्ष चालू असतानाच भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. तुमच्या आकड्यात जूनला ११,८००, सप्टेंबरपर्यंत ३५,४००, डिसेंबरपर्यंत ५९,००० च्या आसपास. काहीच न भरता जुलैत सगळं एकदम भरलं तर कलम २३४सी खाली हप्ते चुकल्याचं व्याज सुमारे ३,९७० आणि २३४बी खाली एप्रिल ते जुलै दरमहा १ टक्का दरानं सुमारे ३,१५०. दोन्ही मिळून सात हजारांच्या वर. एवढ्यात सहा एकरांचं सोयाबीनचं बरंचसं बियाणं येतं.

चलन भरताना घाई करू नका. पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मध्ये निर्धारण वर्ष विचारतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं निर्धारण वर्ष २०२६-२७ असतं. मार्चमध्ये मोबाइलवरून भरताना लोक सवयीनं चालू वर्षच निवडतात आणि पैसे मागच्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतात. मग जुलैत रिटर्नमध्ये चलन दिसत नाही आणि फोन येतो, “सर, पैसे तर कापलेत की खात्यातून, मग दाखवायला का नाही?” दुरुस्ती करता येते, पण मनस्ताप होतोच. प्रकार निवडताना आगाऊ करासाठी १०० आणि वर्ष संपल्यावर भरायच्या स्वयं-निर्धारण करासाठी ३००, एवढं वहीत लिहून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग. क्लासचे पैसे पगार आहेत की फी? लातूरला हा प्रश्न जितका येतो तितका क्वचितच कुठं येत असेल, कारण इथं एकेका क्लासवर कॉलेजचे सर, इंजिनिअर, बाहेरगावाहून आठवड्यातून दोन दिवस येणारे असे सगळे शिकवतात आणि एकाच क्लासचे मालक कुणाला पगार दाखवतात, कुणाला ‘प्रोफेशनल फी’. फी दाखवली तर वर्षाला ५०,००० च्या वर कलम १९४जे खाली १० टक्के कापतात. तुमच्या बाबतीत ते ५४,००० झाले असते.

आकड्यात फरक किती पडतो तो बघा. पैसे फी असतील तर शिकवण्यासाठी खरोखर झालेला खर्च वजा करता येतो. पुस्तकं, पेन टॅब्लेटचा घसारा, इंटरनेट, त्या कामापुरतं पेट्रोल. असा खर्च ६०,००० झाला आणि त्याच्या पावत्या आहेत असं धरू. फी उरली ४,८०,०००. कॉलेजचे वजावटीनंतरचे ७,६५,००० मिळवले की १२,४५,०००. टप्प्यानं कर ६६,७५० येतो, पण बारा लाखांच्या थोडं वर गेलेल्यांसाठी कायद्यात दिलासा आहे: बारा लाखांवर जेवढं उत्पन्न, त्याहून कर जास्त नाही. म्हणून कर ४५,०००, उपकरासह ४६,८००. कापले होते ५४,०००, म्हणजे ७,२०० परत.

हा आकडा बघून लगेच “मग आमचं फीमध्येच दाखवा” असं म्हणायचा मोह होतो. सर, हे निवडायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही. नातं काय आहे त्यावर ते ठरतं. मी समोरच्याला नेहमी तेच विचारतो. क्लासच्या दारात बायोमेट्रिकवर अंगठा लावता का? रजा घेतली तर पैसे कापतात का? दिवाळीला बोनस, पीएफ आहे का? कोणता धडा कोणत्या दिवशी शिकवायचा हे मालक ठरवतो की तुम्ही? आजारी पडलात तर तुमच्या जागी तुमच्या ओळखीचा दुसरा माणूस पाठवू शकता का? दुसऱ्या क्लासवर शिकवायची मोकळीक आहे का? तुम्ही महिन्याला ठरलेले ४५,००० सांगितलेत. त्यासोबत हजेरी आणि रजेची कपात असेल तर तो पगार आहे, कागदावर कुणी काहीही लिहो. तासाप्रमाणे बिल देत असाल, वेळ तुम्ही ठरवत असाल, तर ती फी. तुमच्याशी झालेला करार आणला तर अर्ध्या तासात याचा निकाल लागेल. करार नसेल तर आधी तो करून घ्या, आणि प्रत्यक्षात जसं आहे तसाच करा.

फी ठरली तर दोन गोष्टींत फसू नका. पहिली, कलम ४४एडीए. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार वगैरे ठरावीक व्यवसायांना एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची मुभा त्यात आहे. नांदेडला दवाखान्यात नोकरी करून संध्याकाळी स्वतःची ओपीडी चालवणाऱ्या डॉक्टरांना ती बरोबर लागू पडते. शिकवणं त्या यादीत नाही. तरी शेजारच्याचं बघून ५,४०,००० ऐवजी २,७०,००० दाखवलेली रिटर्न माझ्याकडं दुरुस्तीला येतात. लहान धंद्यांसाठी अशाच ठोक हिशोबाचं कलम ४४एडी आहे, त्यात शिकवणी बसते का यावर आम्हा कर सल्लागारांत मतभेद आहेत. मी त्या वादात अशिलाला उभं करत नाही, खरा खर्च पावत्यांसह दाखवतो आणि आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरतो. एलआयसीचं कमिशन मिळवणाऱ्यांनाही ४४एडी चालत नाही, कमिशन त्यातून वगळलेलं आहे.

दुसरी गोष्ट कररचनेची. नुसता पगार असलेला माणूस दर वर्षी जुनी की नवीन हे नव्यानं ठरवू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ती मोकळीक जाते. जुनी हवी असेल तर मुदतीत फॉर्म १०-आयईए द्यावा लागतो आणि एकदा जुनीतून परत नवीनमध्ये आलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. तुमच्यासाठी जुनी परवडणारही नाही. दोन्ही पगार धरून, कलम ८०सी खालची दीड लाखाची बचत, गृहकर्जाचं दोन लाख व्याज, पन्नास हजारांची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर असं सगळं वजा केलं तरी जुन्या रचनेत १,१२,३२० येतात. नवीनमध्ये ७८,७८०.

जीएसटीची काळजी तूर्त सोडा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढं गेली तर नोंदणी लागते आणि पगार त्यात धरत नाहीत.

शेतीकडं येऊ. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मराठवाड्यात “शेतीचं उत्पन्न माफ” हे वाक्य प्रत्येकाला पाठ आहे आणि त्याच्या पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, हे खरं. पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवण्यापुरतं शेतीचं उत्पन्न बेरजेत येतं. सोयाबीन-तुरीतून खर्च जाऊन तुमचे दीड लाख राहिले असं धरू. १३,०५,००० मध्ये दीड लाख मिळवले, १४,५५,०००, त्यावर कर ९८,२५०. मग करमुक्त ४ लाख अधिक दीड लाख, म्हणजे ५,५०,००० वरचा कर ७,५०० काढायचा आणि तो वजा करायचा. राहिले ९०,७५०. शेती न धरता ७५,७५० होते. म्हणजे शेतीपायी १५,००० वाढले, उपकरासह १५,६००. तुमचा एकूण कर मग ९४,३८० होतो, आणि आगाऊ कराचे वरचे हप्तेही त्याच प्रमाणात वाढतात.

म्हणून खर्चाचा हिशोब ठेवा. बियाणं, खत, फवारणी, मळणीयंत्राचं भाडं, सालगड्याचा किंवा रोजंदारीचा पैसा, सगळं वजा होतं. मोंढ्यातल्या आडत्याची पट्टी जपून ठेवा, ती तुमचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे तेही बघा. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि तेच पीक घेत असतील तर ते उत्पन्न त्यांचं, तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही. पाऊस गेला आणि काहीच राहिलं नाही, असं वर्ष आपल्याला नवीन नाही. त्या वर्षी शून्य दाखवा. उगाच ठोक आकडा टाकू नका. दरवर्षी शेती एक लाख असं छापल्यासारखं दाखवणारी रिटर्न मी बघितली आहेत, आणि दुष्काळाच्या वर्षाचा हिशोब मागितला की त्यांच्याकडं उत्तर नसतं.

आणि शेतात घडतं ते सगळं शेतीचं उत्पन्न नसतं. रोपवाटिकेतली रोपं विकली तर ते शेतीचं. दूध डेअरीला घातलं तर ते धंद्याचं. स्वतःचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या रानात भाड्यानं चालवला तर तेही धंद्याचं. क्लासचे पैसे “शेती” म्हणून दाखवायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल तर तो ऐकू नका. ते चुकीची माहिती देणं ठरतं आणि तिथं दंड कराच्या दुप्पट आहे.

शेती ५,००० च्या वर असल्यामुळं आयटीआर-१ तुम्हाला चालणार नाही. दोन्ही पगारच असतील तर आयटीआर-२, क्लासची फी असेल तर आयटीआर-३.

व्यवसाय कराचं एक छोटं. तो वर्षाला माणशी २,५०० च्या वर जाऊ शकत नाही, राज्यघटनेतच ती मर्यादा आहे. दोन्हीकडून दोनशे-दोनशे कापत असतील तर एका ठिकाणी लेखी कळवून ते थांबवा.

शेवटी मागच्या वर्षाचं, ज्याची मला तुमच्यासाठी जास्त काळजी आहे. २०२४-२५ मध्ये क्लासचा पगार होता आणि रिटर्नमध्ये फक्त कॉलेज आहे. तुमची नियत वाईट नव्हती, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत त्यावरून दिसतंच. सुधारित रिटर्नची वेळ गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, ते भरता येतं. निर्धारण वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत भरलं तर राहिलेला कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा. दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी ६०, चौथ्या वर्षी ७०. विभागाकडून आधी नोटीस आली तर लपलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या निम्मा दंड, आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर दुप्पट.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यानं पुढच्या वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात. तुम्ही विचारलेलं २०२५-२६ हे वर्ष १९६१ च्या जुन्या कायद्यात येतं, म्हणून मी तेच क्रमांक वापरले. येताना कॉलेज आणि क्लास दोन्हींचे फॉर्म सोळा, क्लासचा करार, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, आडत पट्ट्या आणि सातबारा आणा. क्लासनं काही रक्कम रोख दिली असेल तर तीही तारखेसह लिहून आणा. आधी मागच्या वर्षाचं रिटर्न उघडू, त्यानंतर या वर्षाचं.